बदली कायम होतो तेव्हा

टेलिफोनच्या यंत्रांवर बोलण्यासाठी आम्ही उभे राहिलो आहोत आणि आरंभ मात्र कापडगिरणीच्या दरवाजापासून करणार आहोत. याचे कारण एक शब्द आहे. तो आमच्या कामगारवस्तीने वापरून वापरून गुळगुळीत केला. आज ज्या विषयाला मोठमोठी इंग्रजी नावे देतात, त्याचे मर्म या एका शब्दात जितके नेमके सापडते तितके त्या नावांत सापडत नाही, असे आमचे मत आहे. शब्द आहे ‘बदली’.

मुंबईच्या गिरणीत कायम कामगार ज्या दिवशी आला नाही, त्या दिवशी त्याच्या साच्यावर जो उभा राही तो बदली. भोंग्याबरोबर तो गेटवर हजर असे. आत कोण कोण आलेले नाही ते पाहून जॉबर बोट दाखवी; ज्याच्याकडे बोट गेले तो आत, बाकीचे घरी. त्या बोटाची किंमत काय होती, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदलींना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. जॉबरची मनमानी आवरावी, हा तिचा उघड हेतू. कार्ड मिळाले, पण कार्डाने माणूस कायम झाला नाही. वर्षानुवर्षे बदलीवर काढलेली माणसे आमच्या शेजारीपाजारी होती: हात कायम माणसाइतका तरबेज, जबाबदारी तितकीच, मस्टरवर नाव मात्र दुसऱ्याचे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाच्या मागण्यांत पगारवाढीच्या बरोबरीने बदलींना कायम करण्याची मागणी होती, ती उगीच नव्हती.

कायद्यालाही हा प्रश्न टाळता आला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जी कलमे घालण्यात आली, त्यांत बदलीची व्याख्या केलेली होती. मस्टरवर ज्याचे नाव आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करणारा तो बदली. परंतु त्याची एक वर्षाची अखंड सेवा पूर्ण झाली की त्या कलमापुरते त्याला बदली समजू नये. आणि वर्षात दोनशेचाळीस दिवस काम भरले की ती सेवा अखंड धरावी. आमचे शाळेतले शिक्षण फार झाले नाही. कायदा आम्ही युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून रात्री वाचला. या ओळीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो होतो. दुसऱ्याच्या जागी उभा असलेला माणूस काही काळाने दुसऱ्याच्या जागी उभा नसतोच. जागा त्याचीच झालेली असते, फक्त कागद मागे राहिलेला असतो, एवढे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

आता यंत्राकडे वळू. हल्ली मोठ्या कचेरीतला, इस्पितळातला किंवा कारखान्यातला टेलिफोन हा एका खोलीतल्या संगणकावर चालतो. त्याला सर्व्हर म्हणतात. इमारतीतले सगळे फोन त्याच्याकडे हजेरी लावतात आणि कोणाचा फोन कोणाला जोडायचा ते तो ठरवितो. तो बंद पडला तर सारी इमारत मुकी होईल, म्हणून शेजारच्या खोलीत, क्वचित दुसऱ्या गावी, त्याचा जोडीदार ठेवलेला असतो. हा राखीव सर्व्हर. मुख्याजवळची माहिती त्याच्याकडे सतत उतरत राहते आणि मुख्य पडला की फोन आपण होऊन याच्याकडे हजेरी लावू लागतात. पण मुख्य जर पुन्हा उठण्याच्या पलीकडे गेला असेल, तर या राखीवालाच मुख्य करावे लागते. तरुण मंडळी म्हणतात, ‘‘काका, पाच मिनिटांचे काम आहे.’’ आमचे म्हणणे असे की, बदली साच्यावर उभा राहणे हे पाच मिनिटांचे, फार तर पाच क्षणांचे काम आहे. तो कायम होणे हे निराळे काम आहे. ही दोन कामे एकच समजल्यामुळे काय काय घडले, ते टेलिफोनच्या इतिहासात पाहावयास मिळते.

प्रथम प्रथम टेलिफोनला राखीव असे काही लागतच नसे. एक्स्चेंजमध्ये मुली फळ्यापुढे ओळीने बसत. मोठ्या फळ्याची रचनाच अशी होती की गावातल्या प्रत्येक ग्राहकाचे छिद्र प्रत्येक मुलीच्या हाताच्या टप्प्यात पुन्हा पुन्हा बसविलेले असे. एक मुलगी उठली तर शेजारची हात लांब करून तिचे काम ओढून घेई. पुढे ॲल्मन स्ट्रोजर या अमेरिकनाने १८९१ साली स्वयंचलित जोडणीचे पेटंट घेतले आणि १८९२ साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. गृहस्थ धंद्याने प्रेतांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा. टेलिफोनच्या मुलींची नोकरी त्याच्या शोधाने जाणार होती, हा योग लक्षात राहण्यासारखा आहे. त्याच्या यंत्रातही मध्यवर्ती डोके नव्हते. तबकडी फिरविली की एकामागून एक निवडक यंत्रे खटखट चढत जात. एक निवडक बिघडला तर एकाचा फोन लागेना, गावाचा नाही. काम हजार हातांत वाटलेले होते, म्हणून बदलीची फारशी गरज भासत नव्हती.

गरज उत्पन्न झाली ती सगळ्या गावाचे डोके एकाच कपाटात आणून ठेवल्यावर. ३० मे १९६५ रोजी न्यू जर्सी राज्यातल्या सकासना गावी बेल कंपनीने आपले पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू केले. यात जोडणी कशी करायची ते तारांच्या गुंफणीत नव्हते; लिहून ठेवलेल्या सूचनांत होते आणि त्या सूचना वाचणारे डोके एक होते. एक डोके पडले तर हजारो फोन एकदम पडणार. म्हणून ते घडविणाऱ्यांनी लक्ष्य ठेवले की चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा अधिक काळ एक्स्चेंज बंद राहू नये. हे साधण्यासाठी त्यांनी एकाऐवजी दोन डोकी बसविली. आणि त्यांची तऱ्हा पाहा! राखीव डोके गेटवर उभे केलेले नव्हते. तेही मुख्याच्या बरोबरीने तीच सूचना, त्याच क्षणी, पार पाडीत असे. फक्त हुकूम एकाचा चाले. दोघांची उत्तरे क्षणोक्षणी ताडून पाहिली जात. उत्तरे जुळली नाहीत की कोण चुकले ते यंत्र स्वतःच तपासून काढी आणि चुकणाऱ्याला बाजूला करी.

बाजूला केलेल्याची दुरुस्ती कशी होत असे, हे आम्हाला फार आवडते म्हणून सांगतो. यंत्राच्या निर्मात्यांनी आधीच त्यात हजारो बिघाड मुद्दाम करून पाहिले. प्रत्येक बिघाडाला यंत्र कोणते आकडे छापते ते टिपून त्याचा एक जाडजूड कोश केला. आकडे छापून आले की तंत्रज्ञ तो कोश उघडी, अमुक आकड्याला अमुक पट्टी असे पाही, आणि पट्टी बदली. म्हणजे राखीव कामावर चढल्याबरोबर एक माणूस जागचा उठत असे, आणि पडलेल्याला उभे करण्याच्या कामाला लागत असे. जोडी दुसऱ्यांदा पुरी होईपर्यंत काम पुरे झाले असे कोणी मानीत नसे. दोन डोकी सर्वांना दिसतात. हा उठणारा माणूस त्या योजनेचा तिसरा भाग होता, तो पुष्कळांना दिसत नाही.

राखीवाविषयी एक कडू धडा १५ जानेवारी १९९० रोजी मिळाला. त्या दिवशी दुपारी एटी अँड टी कंपनीचे न्यूयॉर्कमधले एक लांब पल्ल्याचे एक्स्चेंज क्षुल्लक बिघाडामुळे काही सेकंद बाजूला झाले आणि पुन्हा कामावर आले. ‘मी आलो’ असा त्याचा निरोप शेजारच्या एक्स्चेंजांना गेला. त्याच्या मागोमाग, एका सेकंदाच्या अगदी लहान अंशात, दुसरा निरोप आला. महिनाभरापूर्वी बसविलेल्या नव्या सूचनावलीत एक चूक होती, तिच्यामुळे हा दुसरा निरोप घेताना शेजारची एक्स्चेंजे गोंधळली आणि आपण होऊन बाजूला झाली. त्यांची राखीव यंत्रे पुढे आली. पण त्यांच्या पोटातही तीच सूचनावली, तीच चूक. तीही पडली. मग सगळी मिळून उठू लागली, ‘मी आलो’ म्हणू लागली, आणि शेजाऱ्यांना पुन्हा पाडू लागली. ११४ एक्स्चेंजांचे ते जाळे नऊ तास असे उठत-पडत होते. कंपनीचे लांब पल्ल्याचे निम्म्याच्या आसपास फोन लागत नव्हते. ज्याने मुख्याची चूक गिरवूनच विद्या घेतली आहे असा बदली मुख्याच्याच खड्ड्यात पडतो, याला काही इलाज नाही. असो. आमचा मुख्य मुद्दा याहून निराळा आहे, आणि तो पुढच्याच वर्षी घडला.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात थॉमस रस्त्यावर ३३ क्रमांकाची एक उंच इमारत आहे. तिला खिडक्या नाहीत. माणसांसाठी बांधलेली नव्हेच ती. टेलिफोनच्या यंत्रांसाठी बांधली. १७ सप्टेंबर १९९१ रोजी उकाडा फार होता आणि शहरात विजेची मागणी वाढली होती. वीज कंपनीशी ठरल्याप्रमाणे एटी अँड टीने सकाळी बाहेरची वीज सोडून आपली जनित्रे चालू केली. जनित्रे चालली, परंतु त्यांची वीज टेलिफोनच्या यंत्रांना मानवेल अशी करून देणारी उपकरणे मध्येच बंद पडली. काही बिघडले नाही! कारण अशा प्रसंगासाठी बॅटऱ्यांची रांग होती. बॅटऱ्यांनी भार उचलला. टेलिफोन चालू राहिले. न्यूयॉर्कमध्ये कोणालाही काही कळले नाही.

कोणालाही म्हणजे त्या इमारतीतल्या लोकांनाही. बॅटऱ्या सुमारे सहा तास पुरतील इतक्या होत्या. इशाऱ्याचे काही दिवे लागले होते, पण ते पाहायला त्या मजल्यावर कोणी नव्हते. काही इशारेघंटा तर वाजल्याच नाहीत. जी माणसे तेथे असावयाची, ती त्या दिवशी एका वर्गाला गेली होती. वर्ग कशाचा? नव्या इशारेघंटांची माहिती देण्याचा. ही गोष्ट कोणी गमतीने रचली असती तर आम्ही ती खरी मानली नसती. दुपारी चारनंतर, बॅटऱ्या संपत आल्यावर, लोकांच्या लक्षात आले, तेव्हा हातात वेळ उरलेला नव्हता. लक्षावधी फोन अडले. विमानतळांच्या नियंत्रकांचे परस्परांशी बोलणे त्याच तारांवरून चाले, त्यामुळे न्यूयॉर्कच्या तिन्ही मोठ्या विमानतळांवरची वाहतूक कित्येक तास खोळंबली आणि हजारो प्रवासी अडकून पडले.

मग अशा वेळी होते तेच झाले. पहिले बोट कामगारांकडे गेले: त्यांनी नेमून दिलेली फेरी मारली नाही. तीनच दिवसांत कंपनीला मान्य करावे लागले की काही घंटाच नादुरुस्त होत्या. फेरी चुकली ही गोष्ट खरी आहे. युनियनचे काम करतो म्हणून ती आम्ही झाकणार नाही. पण फेरी मारणाऱ्या माणसाला वर्गाला पाठवून त्याच्या जागी कोणाला उभे केले होते, हा प्रश्न पहिल्या दिवशी कोणी विचारला नाही. यंत्राला बदली होता, विजेला बदली होता, त्या बदलीलाही बॅटरीचा बदली होता. माणसाला बदली नव्हता.

या घटनेकडे नीट पाहा. मुख्य वीज गेली तेव्हा धोका नव्हता. उपकरणे बंद पडली तेव्हाही टेलिफोनला धक्का लागला नाही. धोका सुरू झाला तो बॅटरीने काम हातात घेतल्याच्या क्षणापासून, कारण त्या क्षणी बॅटरी मुख्य झाली आणि तिच्यामागे कोणी उरले नाही. ती इतके चोख काम करीत होती की तिच्याकडे पाहण्याची कोणाला बुद्धी झाली नाही. मस्टरवर नाव दुसऱ्याचेच राहिले.

आमच्याकडे हे शास्त्र कसे आले तेही सांगितले पाहिजे. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधनसंस्था निघाली. परदेशी एक्स्चेंजांना थंड हवेची खोली लागे. आमच्या खेड्यांत विजेचाच भरवसा नव्हता. सी-डॉटच्या मंडळींनी खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे लहान एक्स्चेंज बनविले, ते वातानुकूलनावाचून चाले. १९८६ साली बेळगावजवळच्या कित्तूर गावी ते प्रथम बसले. पेटीएवढे ते यंत्र, पण त्यातही नियंत्रणाची जोडी होती: एक बाजू कामावर, दुसरी तयार. पुढे मोठी डिजिटल एक्स्चेंजे शहरांत आली. तेथे जुने जाणते लोक एक रिवाज पाळीत. रात्री वर्दळ कमी झाली की बाजू पालटायची. कामावरची विश्रांतीला, विश्रांतीची कामावर. जो कधी साच्यावर उभा राहिलाच नाही तो बदली कसला, असे एक वृद्ध तंत्रज्ञ आम्हाला म्हणाले होते.

अशी माणसे कोठे गेली म्हणाल, तर ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन भारत संचार निगममधून अठ्ठ्याहत्तर हजारांवर आणि महानगर टेलिफोन निगममधून चौदा हजारांवर माणसे घरी गेली. त्या योजनेची बरीवाईट चर्चा आज करीत नाही. तोट्यातल्या निगमांना पगाराचा बोजा खरोखरच झेपत नव्हता, हेही आम्हाला ठाऊक आहे. परंतु रात्री बाजू पालटण्याची सवय ही कोणत्याही गोदामाच्या यादीत लिहिलेली नसते. ती माणसांबरोबर गेली.

आता अलीकडची, आणि आमच्या मते सर्वांत बोलकी घटना. अमेरिकेत संकटात ९११ हा क्रमांक फिरवितात. कित्येक राज्यांतले असे फोन योग्य त्या ठाण्याकडे वळविण्याचे काम इंट्राडो नावाच्या कंपनीकडे होते. तिची दोन केंद्रे होती: एक कोलोरॅडोतल्या एंगलवूडला आणि दुसरे मायामीला. एकाने दुसऱ्याचा भार घ्यावा अशी योजना होती. येणाऱ्या प्रत्येक फोनला एंगलवूडचे यंत्र एक क्रमांक देई. या क्रमांकांना कोणीतरी चार कोटींची मर्यादा घालून ठेवली होती. ९ एप्रिल २०१४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास ती मर्यादा भरली. त्यानंतर आलेल्या फोनला क्रमांक मिळेना आणि क्रमांकावाचून फोन पुढे जाईना.

मायामीचे केंद्र धडधाकट होते. ते जागे होते, रिकामे होते, काम घ्यायला समर्थ होते. पण त्याला कोणी बोलावले नाही. कारण एंगलवूडचे यंत्र ‘पडले’ नव्हते. ते चालू होते, दिवे हिरवे होते. फक्त काम होत नव्हते. मुख्य मेला तर राखीवाने उठावे, एवढेच त्या व्यवस्थेला शिकविलेले. मुख्य जिवंत असून निकामी झाला आहे हे ओळखणे तिला शिकविलेले नव्हते. इशारे निघाले ते हलक्या प्रतीचे समजून बाजूला पडले. सुमारे सहा तासांनी माणसांनी खरे कारण शोधले आणि हाताने सारे फोन मायामीकडे वळविले. सहा तासांत सात राज्यांतले ६,६०० हून अधिक फोन कोठेच पोचले नाहीत. वॉशिंग्टन राज्यात एका बाईच्या घरात रात्री माणूस शिरत होता. तिने ९११ हा क्रमांक निदान सदतीस वेळा फिरविला. शेवटी स्वयंपाकघरातली सुरी हातात घेऊन ती उभी राहिली, आणि तो माणूस पळाला. ती वाचली हा योगायोग. सरकारी आयोगाने चौकशी करून त्याच वर्षी अहवाल दिला आणि हे टाळता येण्यासारखे होते असे म्हटले.

जॉबरला आम्ही मघाशी नावे ठेवली. पण न्याय करायचा तर एवढे म्हटले पाहिजे की, साच्यावर माणूस बसला आहे पण सूत निघत नाही, हे त्याला सहा तास कळले नाही असे झाले नसते.

एवढा इतिहास मनात ठेवून आपल्या गावच्या इस्पितळातल्या किंवा बँकेतल्या सर्व्हरकडे पाहू या. मुख्य यंत्र कायमचे गेले आणि राखीवाला त्याच्या जागी नेमायचे आहे. पहिली गोष्ट अशी की, गेलेला खरोखर गेला आहे याची खात्री करावी. त्याची तार काढून ठेवावी. नाहीतर चार दिवसांनी कोणी सद्भावनेने त्याचे बटन दाबतो, तो उठतो, आपणच मुख्य आहोत अशा समजुतीने कारभार सुरू करतो, आणि निम्मे फोन याच्याकडे, निम्मे त्याच्याकडे हजेरी लावू लागतात. दोन मालकांच्या दुकानात गिऱ्हाइकाचे जे होते ते फोनचे होते.

दुसरे, माहितीचा ओघ. आजवर तो मुख्याकडून राखीवाकडे एकाच दिशेने वाहत आला. जुना यदाकदाचित दुरुस्त होऊन आला तर त्याच्या पोटात जुनीच माहिती आहे. ती ओघाच्या जुन्या दिशेने नव्यावर ओतली गेली तर मधल्या काळातले सारे बदल पुसले जातील. म्हणून दिशा उलटवावी लागते, आणि ती उलटविल्याचे लिहून ठेवावे लागते. याखेरीज लहानसहान कामे पुष्कळ असतात. बाहेरून तार देणाऱ्या कंपनीच्या दप्तरात जुन्याचाच पत्ता असतो, निरोप साठविण्याची सोय जुन्यावर असते, रात्री माहितीची प्रत काढून ठेवण्याचे काम जुन्यालाच नेमून दिलेले असते. राखीव फोन जोडतो आहे म्हणजे ही सगळी कामेही करतो आहे, असे मुळीच नाही.

तिसरी गोष्ट परवान्याची. पुष्कळ कंपन्यांची यंत्रे परवान्यावर चालतात आणि परवाना मुख्याच्या नावाने असतो. मुख्य गेला तर राखीवाला काही दिवसांची मुदत मिळते. काही ठिकाणी ती तीस दिवसांची असते. मुदतीत नवा परवाना काढला नाही तर यंत्रात फेरफार करण्याचे अधिकार गोठतात. हे वाचले तेव्हा आम्हाला हसू आवरेना. बदलीचे कार्ड इथेही आलेच!

आणि शेवटी, ज्याला मुख्य केले त्याला त्याचा स्वतःचा राखीव द्यावा. सकासनाच्या एक्स्चेंजात हे तंत्रज्ञाच्या अंगवळणी पडलेले होते. आजच्या कचेरीत ते खर्चाच्या रकान्यात अडकते. यंत्र तर चालले आहे, मग नवे कशाला, असे विचारणारा साहेब प्रत्येक संस्थेत असतो.

आमच्या युनियनमध्ये कंत्राटी पद्धतीने टेलिफोनची देखभाल करणारी मुले आहेत. त्यांच्यापैकी एकाचे प्रकरण आमच्याकडे आले होते. एका मोठ्या संस्थेत पावसाळ्यात वीज पडून मुख्य सर्व्हर जळाला आणि राखीवाने काम उचलले. मुलाने नव्या यंत्राची मागणी लिहून दिली. ती कोठल्यातरी टेबलावर राहिली. पुढे एके सकाळी राखीवही गेला. तीन दिवस संस्थेचे फोन बंद राहिले आणि माहितीची प्रत शोधू लागल्यावर कळले की वीज पडल्यापासून एकही प्रत निघालेली नाही; ते काम जळालेल्या यंत्राच्या नावावर होते. संध्याकाळी मुलाला कामावरून कमी केल्याचे पत्र मिळाले.

चौकशीला आम्ही बसलो तेव्हा आमच्याकडे एकच पुरावा होता: त्याची दैनंदिन नोंदवही. रोज सकाळी तो एक ओळ लिहीत असे, ‘मुख्य बंद. राखीववर चालू. नवीन यंत्र आलेले नाही.’ आणि त्या ओळीखाली रोज अधिकाऱ्याची सही होती. बहुधा न वाचता केलेली, पण सही. आम्ही त्या ओळी मोजल्या. दोनशेचाळीसच्या वर भरल्या. कामगार कायदा ज्याला ठाऊक आहे तो या आकड्याने जागा होतोच, आणि समोरच्या बाजूचे वकील वयाने मोठे आणि जाणते होते. त्यांनी वही मिटली आणि आपल्या पक्षकाराला बाहेर बोलावून घेतले.

मुलगा परत कामावर गेला. तडजोडीच्या कागदात त्याच्या मागणीवरून आम्ही एक कलम घातले, ते पैशाचे नव्हते. त्या कलमाप्रमाणे यंत्रखोलीच्या दारावर आता एक फळा आहे. त्यावर तीन रकाने आखले आहेत: आज काम कोण करीत आहे, कोणत्या तारखेपासून, आणि त्याच्यामागे कोण आहे. तिसरा रकाना कोरा असला तर त्या दिवशीची सही त्या अधिकाऱ्याने नव्हे, त्याच्या वरच्याने करावयाची असते.